अंधाऱ्या खोलीतला गहू

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझं सगळं नशीब एका कोऱ्या रकान्यावर अडकलं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, डिसेंबरात शिष्यवृत्ती संपणार होती, आणि मिरजगावच्या एसटी स्टँडवर वडिलांनी भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं की पोरगी शेतकी कॉलेजात गव्हावर मोठं संशोधन करतेय. त्यामुळे नापास व्हायची सोय उरली नव्हती.

संशोधन असं होतं. पान उजेड गोळा करतं ते काही खास प्रथिनांच्या जोरावर. अंधारात उगवलेल्या रोपाला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून त्या प्रथिनांची जनुकं ते बंद ठेवतं आणि उजेड दिसला की चालू करतं. जनुक चालू झालं की त्याच्या नकला निघतात, आणि नकला असतील तिथे एक्स-रे फिल्मवर काळा पट्टा उमटतो. माझ्या फिल्मवर दोन रकाने असणार होते: एक निव्वळ अंधारातल्या गव्हाचा, दुसरा घटकाभर लाल दिवा दाखवलेल्या गव्हाचा. पहिला कोरा आला पाहिजे. तो कोरा नसेल तर दुसऱ्याला काही अर्थच नाही.

विभागाच्या मागची स्टोअर-रूम मी काळे कागद चिकटवून अंधारी केली होती. दुसरी किल्ली झाडलोट करणाऱ्या मावशींकडे असायची. मी वाळू भरलेल्या ट्रेंमध्ये गहू पेरला आणि त्यांना बजावलं: इथे चप्पल घालून यायचं नाही, कुणाला आत सोडायचं नाही, ट्रेंना हात लावायचा नाही. रोज सकाळी मी स्वतः अनवाणी आत जाऊन चाचपडत पाणी शिंपडायचे. मावशी माझ्याकडे भलत्याच मायेने बघायच्या. एरवी त्या मला 'लई पसारा करती' म्हणायच्या, त्यामुळे या मायेचीच मला शंका यायला हवी होती.

आठव्या दिवशी पिवळीधमक रोपं कापली, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवली आणि खलात कुटून पीठ केलं. पट्टा उमटवायला लागणारा किरणोत्सारी फॉस्फरस मुंबईहून एकदाच आला होता आणि तो दर पंधरवड्याला निम्मा होत होता. फिल्म धुण्याची सोय आमच्याकडे नव्हती. माझ्या मार्गदर्शक सरांच्या ओळखीने मी ती राहात्याला एका हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथल्या कंपाउंडरने ओली फिल्म उजेडाला धरली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "ताई, ह्यात हाड कुठाय?"

हाड नव्हतं, पण पहिल्या रकान्यात पट्टा होता. दुसऱ्याइतका ठळक नाही, तरी पट्टाच.

शहाण्या मुलीने आधी आपली चूक शोधली असती. माझ्या डोक्यात हवा गेली. अंधारात चालू होणारं जनुक मला सापडलं होतं! परतीच्या एसटीत मी उभ्याने आले आणि जागा रिकामी झालेली मला कळलीही नाही. मनातल्या मनात मी परदेशातल्या कुठल्याशा सभागृहात भाषण करत होते आणि वडील पहिल्या रांगेत बसले होते. सरांनी फिल्म चष्मा लावून पाहिली, चष्मा काढून पाहिली आणि म्हणाले, "इतक्यात कुणाला बोलू नकोस." संध्याकाळपर्यंत सगळ्या विभागाला माहीत झालं. बहुतेक सरांनीच सांगितलं.

मी पेढे आणले. पहिला मावशींना दिला, त्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं की गव्हाने काळ्याकुट्ट अंधारात उजेडाची तयारी केली.

"अंधारात कसं?" मावशी म्हणाल्या. "दिवा हुता की."

मी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. मग सगळं बाहेर आलं. मी पेरलं तो दिवस घटस्थापनेचा होता. आमच्या बौद्ध घरात घट बसत नाहीत, म्हणून ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मावशींनी मात्र बंद खोली, पेरलेला गहू, अनवाणी पाय आणि रोजचं पाणी एवढं सगळं पाहिलं आणि ओळखलं.

"तुमच्यात रीत न्हाई, तरी मनानं बसवलाय म्हनलं. दिवा तेवढा ऱ्हायला. म्हनून मीच रोज सांजच्याला ववाळून याची. लगीच भाईर, ताई. ट्रेला हात न्हाई लावला."

मला रडू येत होतं आणि हसू आवरत नव्हतं. मावशींचा चेहरा उतरला. त्यांना घेऊनच मी सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कागद ओढला आणि मावशींना विचारलं, "वात केवढी? किती वेळ? किती हातांवरून?"

मावशी बोलत गेल्या, सर लिहीत गेले आणि सरांचा आवाज उत्साहाने चढत गेला. एवढ्याशा उजेडावर जनुक जागं होतं! फॉस्फरस एका खेपेपुरता उरला होता. आम्ही पुन्हा गहू पेरला. या वेळी खोलीच्या दोन्ही किल्ल्या माझ्याकडे होत्या. काही ट्रे अंधारात राहिले, काही मी रोज सांजेला बाहेर काढायचे आणि मावशी दुसऱ्या बंद खोलीत त्यांना ओवाळायच्या, सर घड्याळ धरून उभे.

राहात्याला फिल्म धुतली तेव्हा दिवा दाखवलेल्या गव्हाचा पट्टा होता आणि पहिला रकाना कोरा करकरीत होता. त्या कोऱ्या जागेवर मी इतकी खूश झाले की कंपाउंडरने मला बसायला खुर्ची दिली.

मी मावशींना फिल्म दाखवली. पट्ट्यावर बोट ठेवून म्हटलं, हा तुमचा दिवा. त्यांनी तो बघितला, पण बोट कोऱ्या जागेवर ठेवलं.

"आन ह्यांच्याम्होरं कुनीच न्हाई लावला?"

"नाही."

"मंग ती हिरवी कवा व्हायची?"

मी अंधारी खोली उघडली. कापणी झाल्यावर अंधारातला एक ट्रे उरला होता. मावशींनी तो उचलला आणि ओट्यावर उन्हात नेऊन ठेवला. दुपारपर्यंत शेंडे पोपटी झाले, संध्याकाळी ट्रे हिरवा झाला. मी प्रयोगशाळेतलं सगळं काम टाकून दिवसभर त्याच्याशेजारी बसून होते. दीड वर्ष मी गहू हिरवा कसा होतो यावर काम करत होते, आणि होताना तो आज पहिल्यांदा पाहत होते. त्याआधी प्रत्येक वेळी मी तो पिवळा असतानाच कुटला होता.