मध, काकवी, डांबर

माझ्या सासऱ्यांना कुणाच्याही गाडीचं बॉनेट बंद दिसलेलं सहन होत नसे. गाडी कुणाची, ओळख किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मालकाकडून बॉनेट उघडून घ्यायचं, इंजिनातली तेलाची पट्टी बाहेर खेचायची, खिशातल्या पांढऱ्या रुमालाने पुसायची, पुन्हा बुडवून वर काढायची आणि टोकाला लागलेलं तेल उन्हात धरून बघायचं. जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे तेलकाका म्हणत. मी घरात अण्णा म्हणायचे आणि पार्किंगमध्ये शक्यतो काहीच म्हणायचे नाही.

तेलाच्या त्यांनी तीन जाती केल्या होत्या. मध असेल तर खुशाल गाडी पळवा, काकवी झाली असेल तर महिनाभरात बदला, डांबर असेल तर आत्ताच्या आत्ता गॅरेज गाठा. सर्व्हिसवाले पुढची तारीख आणि किलोमीटर लिहून काचेवर स्टिकर लावतात, त्यावर त्यांचा विशेष राग. "तिथी बघून श्राद्ध घालतात, तेल बदलत नाहीत," असं म्हणायचे. त्यांची स्वतःची जुनी पेट्रोलची गाडी याच शास्त्रावर वर्षानुवर्षं विनातक्रार चालली होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

माझी मात्र पंचाईत व्हायची. एकदा आमच्या ऑफिसातल्या हिंदी बोलणाऱ्या मॅडम जेवायला आल्या. त्यांना निरोप द्यायला खाली उतरलो, तर अण्णांनी ड्रायव्हरला पटवून त्यांच्या गाडीत डोकं खुपसलेलं. अंगात बनियन, हातात पट्टी. "आपका तो एकदम शहद है, मॅडम," ते म्हणाले. मॅडम हसल्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वर आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "यांना एकदा कुणीतरी तोंडावर पाडायला हवं." शिवाय ते रुमाल मीच धुवायचे, आणि तेलाचा डाग काही केल्या निघत नाही.

शेजारच्या खारी गावातला सुनील सीएनजीवरची टॅक्सी चालवायचा. गावातल्या गल्लीत गाडी शिरायची नाही, म्हणून आमच्या गेटबाहेर लावायचा. कोळ्याचं पोर, अण्णांवर भारी श्रद्धा. त्याच्या काचेवरच्या स्टिकरची मुदत उलटून गेली तेव्हा तो म्हणाला, "काका, बायको बोलतेय तेल बदल म्हनून. बगा ना जरा." अण्णांनी चार लोकांसमोर पट्टी उन्हात धरली. "मध आहे मध. चालव बिनधास्त." वर श्राद्धाचं वाक्य ऐकवलं, सगळे हसले. पुढेही दोनतीनदा सुनीलने विचारलं आणि दर वेळी मधच निघाला.

मग एका दुपारी घोडबंदरच्या घाटात, प्रवासी बसलेले असताना सुनीलचं इंजिन जाम झालं. इजा कुणाला झाली नाही, पण गाडी ओढून आणावी लागली आणि त्याचा धंदा बसला. संध्याकाळी तो गेटवर आला. आवाज चढवला नाही त्याने, तेच वाईट. "मेकॅनिक बोलला, सीएनजीवर तेल लवकर काळं पडत न्हाय. खलास झालं तरी पिवळंच दिसतं. रंगावर न्हाय जायाचं काका, किलोमीटर बगायचं." अण्णा रुमालाची घडी घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते मला सोबत घेऊन खारीत गेले. सुनीलच्या आईने चहा दिला. "जाऊ द्या भाऊ, तुमी काय मुद्दाम केलं न्हाय," ती म्हणाली.

"मुद्दाम नाही केलं," अण्णा म्हणाले, "पण चार लोकांत छाती काढून सांगितलं ना." चहाला त्यांनी तोंड लावलं नाही. परत येताना माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. त्यांना कुणीतरी तोंडावर पाडावं, असं मीच म्हटलं होतं.

त्यानंतर ते पार्किंगमधून खाली मान घालून जायला लागले. सुनीलची गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आली. तो लांबून हाक मारायचा, अण्णा नुसता हात वर करायचे. शेवटी एका रविवारी मीच सगळ्यांदेखत माझ्या गाडीचं बॉनेट उघडून उभी राहिले. "अण्णा, माझ्या गाडीचं तेल बघता का जरा?" आयुष्यात पहिल्यांदाच विचारत होते. ते थांबले. पट्टीकडे हात गेला आणि तसाच मागे आला. "काचेवर तारीख काय लिहिलीय ती बघ, मीनल," म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

पुढे काही वर्षं ते होते. रोजचा रुमाल धुवायला टाकत राहिले. एकावरही डाग नसायचा. मला हवा होता तसाच, पांढरास्वच्छ. तो पिळताना मला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.