खडेबाजार ते शहापूर, वळून न पाहता

निपाणीत मला रस्त्यानं नुसतं चालता म्हणून कधी आलं नाही. सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत मुकादमकीत गेलेला. घरातून वखारीपर्यंत जाईतो चार जण अडवायचे, "काय मुकादम, आज उशीर?" म्हणायचे, आणि उशीर का झाला तेही त्यांना आधीच ठाऊक असायचं. बायको गेली तसे हे आवाज खाली आले. मी दिसलो की माणसं बोलणं आवरतं घ्यायची. वर्षभर ते सोसलं, मग मुलानं मला बेळगावला आपल्या बिऱ्हाडी नेलं.

लढाईचे दिवस होते. कॅम्पात पलटणी येऊन पडल्या होत्या, रॉकेलला रांगा लागायच्या. मुलगा सकाळी कचेरीला जायचा, सून कामाला लागायची. मी साठीला टेकलेला माणूस घरात बसून सुनेच्या पायात येण्यापेक्षा टोपी घालून बाहेर पडायचो. एवढ्या मोठ्या गावात आपल्याला कुणी ओळखत नाही याची पहिल्या दिवसांत भीती वाटली. मग त्याचीच चटक लागली.

खडेबाजारात एकदा कानडी मुलखातला एक शेतकरी भेटला. बैलाच्या घुंगुरमाळा घ्यायला आला होता. त्याचं मराठी तोडकं, माझं कानडी तंबाखूच्या भावापुरतं. त्यानं दोन माळा माझ्या कानाशी धरल्या आणि खुणेनं विचारलं, कुठली? मी डावीकडची दाखवली. त्यानं तीच घेतली, मग आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून त्याच्या फडक्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. नाव, गाव, जात, काही विचारणं झालं नाही. दुसऱ्या एका दुपारी एका पंजाबी शिपायानं खिशातून तान्ह्या बाळाचा फोटो काढून मला दाखवला. मी म्हटलं, "लई गोड हाय." तो आपल्या भाषेत लांबलचक काहीतरी बोलला. मग आम्ही दोघंही डोळे पुसत आपापल्या वाटेनं गेलो. घरी आलो की सून विचारायची, "मामंजी, आज कोण भेटलं?" मला सांगायला रोज कुणीतरी असायचं.

ती बाई भेटली ते मात्र मी घरी सांगितलं नाही.

उन्हं कलली होती. मी कापडाच्या दुकानांवरून रमतगमत चाललो होतो, इतक्यात मागून आवाज आला, "अवो अण्णा, जरा थांबा. वळू नगासा."

मी वळलोच. माझ्याच वयाची एक बाई, गडद लुगडं, कपाळ मोकळं, काखेत रिकामं गाठोड्याचं फडकं. शहापूरच्या विणकरांच्या बाया व्यापाऱ्याला विणलेली लुगडी देऊन परत जाताना दिसायच्या, त्यांतलीच. मी वळल्याबरोबर तिनं मान खाली घातली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मागनं तुमी आमच्या मालकावानी दिसतासा. म्हंजे हुबेहूब. टोपीची ठेवण, खांदं, समदं. दुकानापासनं मागं मागं आले. येक मागनं मागू का? राग येऊ नगा."

"मागा की."

"शहापुरापतोर माझ्या फुडं चालाल का? निस्तं चालायचं. बोलायचं न्हाय. आनि वळायचं न्हाय."

तिच्या डोळ्यांत वेडेपणा नव्हता, लाज होती. मला काही काम नव्हतं. शिवाय अनोळखी माणसानं काही मागावं आणि ते आपल्याजवळ असावं, असं त्या वयात फार वेळा होत नाही. मी पाठ फिरवली आणि चालू लागलो.

थोडा वेळ तिच्या वहाणांचा आवाज तेवढा येत होता. मी पाऊल लांब टाकलं की तोही लांब पडायचा. कपिलेश्वराच्या अलीकडं गर्दी विरळ झाली आणि ती बोलायला लागली. माझ्याशी नव्हे.

"सूत मिळंना झालंय बगा. निम्मं माग बंद पडल्यात. थोरल्याला पोरगी झाली. नाक तुमचंच हाय. परसातला नारळ पाडला औंदा, भित्तीवर कलला हुता. तुमी रागवाल म्हनून सांगितलं न्हवतं."

रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. लोंढ्याकडं जाणारी मालगाडी हळूहळू सरकत होती. मी फाटकाच्या दांडीला हात लावून उभा होतो. मागं ती उभी होती, आणि माझ्या मानेवर कुणाची तरी नजर होती. तशी नजर माझ्या मानेवर पूर्वी कधी कुणी ठेवली नव्हती. घसा साफ करावासा वाटला, केला. मागून लगेच हळू आवाज आला, "त्ये खोकत न्हवते, अण्णा."

शहापुरात एका बोळाच्या तोंडाशी वहाणांचा आवाज थांबला. आत कुठंतरी माग खडखडत होता. मी जरा थांबलो, मग न वळता तसाच पुढं निघून दुसऱ्या वाटेनं घरी आलो.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी मी त्याच दुकानासमोर जाऊन उभा राहू लागलो. ती यायची, व्यापाऱ्याकडचं काम उरकायची, आणि मी चालू लागलो की मागं लागायची. आमचं बोलणं असं काही होत नसे. तिच्या बोलण्यातून मला कळलं ते एवढं, की मागच्या लढाईच्या शेवटी आलेल्या मानमोडीच्या साथीत ती तापानं फणफणून पडली होती. नवरा औषध आणायला म्हणून उंबरा ओलांडून गेला, त्याची पाठ तिनं पाहिली. ती शुद्धीवर आली तोवर तो वाटेतच आडवा होऊन दुसऱ्यांच्या खांद्यावरून गेलेलाही होता. चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ती त्याला सांगत होती ते मात्र आजचं असायचं. कधी ती हसायची. कधी भांडायची, आणि मग माझं पाऊल आपोआप जरा जोरात पडायचं.

एकदा फाटक ओलांडल्यावर ती म्हणाली, "गुडगा अजून धरतोय व्हय? किती डाव सांगितलं, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून इतका येळ बसू नगा."

मी खड्ड्यातल्या मागावर कधी बसलेलो नाही. माझा गुडघा त्या दिवसापर्यंत कधी दुखला नव्हता. पण तिनं म्हटलं आणि मला जाणवलं, की मी फाटकापासून डावा पाय ओढतच चाललो होतो. वळून बघावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त, वळू नये असं वाटलं. घरी आल्यावर सुनेनं गुडघ्याला तेल चोळून दिलं आणि म्हणाली, "एवढं फिरू नका आता." त्या रात्री झोपेत मी कुणाच्या तरी अंगणात उभा होतो आणि पाडलेल्या नारळाच्या बुंध्याकडं बघत होतो.

पुढच्या खेपेला खडेबाजारातच मी तिला समोरून गाठलं.

"बाई, आता हे थांबवू या," मी म्हटलं. "मला भ्या वाटाय लागलंय."

ती म्हणाली, "मलाबी. आजचा येक डाव चला. बोळापाशी म्या सांगीन तवा वळा."

त्या दिवशी ती वाटभर एक अक्षर बोलली नाही. बोळाच्या तोंडाशी वहाणा थांबल्या. "वळा," ती म्हणाली.

मी वळलो. तिनं पदर सावरला आणि माझं तोंड बघू लागली, कापडाचं एखादं ठाण व्यापारी उजेडाला धरून बघतो तसं, नीट, न लाजता. मला कुठं बघावं कळेना.

"न्हाय," ती शेवटी म्हणाली. "भुवया अशा न्हवत्या. जुळलेल्या हुत्या. व्हट पातळ. आनि हितं, हनुवटीला, खोक पडलेली हुती." तिचा आवाज भराभर वर चढत गेला. "त्यांचं त्वांड इसरले हुते म्या, अण्णा. कुनाला सांगायची सोय न्हवती. पोरं म्हनतील, आईला बापाचं त्वांड ठावं न्हाय. पाठ तेवढी दिसायची. आता दिसालेत बगा. समदं दिसालेत."

ती रडत होती आणि हसतही होती. मग तिनं मला हात जोडले आणि बोळात गेली. मी परत निघालो. फाटकापर्यंत गुडघा दुखत होता, त्यापुढं दुखला की नाही ते आठवत नाही.

महिन्याभरानं ती पुन्हा खडेबाजारात दिसली. या वेळी समोरून आली आणि थांबली, कुणीही ओळखीचं थांबतं तशी.

"बरं हाय न्हवं? तुमचं गाव कंचं, ते ईचारायचंच ऱ्हायलं."

"निपाणी."

"आनि घरातनी?"

"वारली. दोन वर्षं होत आली."

कुणा अनोळख्याला मी हे आजवर सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी सांगत गेलो. बायको तंबाखूच्या वासाला कशी वैतागायची, माझं धोतर वेगळ्या दोरीवर वाळत घालायची, शेजारणीशी बोलताना कंबरेवर हात कसा ठेवायची. रस्त्याच्या कडेला उभं राहून ती बाई सगळं ऐकत होती. मग तिनं सहज विचारलं,

"त्वांड येतंय का डोळ्याम्होरं?"

"न येऊन कसं चालंल?" मी म्हटलं. ती मान हलवून आपल्या वाटेनं गेली.

घरी येऊन मी सोप्यात बसलो आणि आठवून बघितलं. बांगड्या आल्या, मनगट आलं. मानेवरचा अंबाडा आला, पाटावरून उठताना "अगं आई गं" म्हणायची तो आवाजही आला. तोंड येईना. जिथं ते असायला हवं तिथं नुसता उजेड होता. आमच्या घरी फोटो कधी कुणी काढला नव्हता. मुलाला विचारावं असं ओठावर आलं, पण विचारलं नाही.

अजून मी रोज बाहेर पडतो. माणसं भेटतात, बोलतात, बोलायला मजा येते. आता मात्र समोरून बाया आल्या की मी त्यांची तोंडं जरा जास्तच निरखतो. एखादी रागानं बघते, एखादी पदर पुढं ओढून घेते. असं नव्हतं, मी मनात म्हणतो, आणि पुढं जातो. असंही नव्हतं.