गाठियांची बोट

बाळांनो, नाताळच्या सुटीत तुम्ही याल तोवर माझा राग उतरेल आणि मी सगळं गोड करून सांगेन. म्हणून आजच लिहिते. तापीवर पक्षी बघायचे असं तुम्ही फोनवर ठरवलंत. तिथे काय झालं ते आधी कळू द्या.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. पण बॅरेजने तापी अडली आणि पाणी शेतांपर्यंत पसरलं. दसरा झाला की त्या पाण्यावर उत्तरेकडून चक्रवाक येतात. केशरी रंगाची, जोडीने राहणारी ही बदकं मधल्या गाळाच्या बेटावर दिवसभर बसून असतात. सकाळी फिरून झालं की मी दुर्बीण घेऊन काठावर बसते. इतकी वर्षं ना माझा हा नेम मोडला, ना त्यांचा.

पाठोपाठ कुरव येतात, समुद्राकडचे पांढरे पक्षी. त्यांना गाठिया खाऊ घालायची हौस सुरतेकडून आली. कुरव धीट, हातातून ओढून खातात.

तुमच्या आजोबांचा पुतण्या, म्हणजे तुमचा काका, यंदा मोटारबोट चालवतो. तिकिटासोबत गाठियांची पुडी. तिथवर मी चालवून घेतलं. पण दिवाळीत तो बोट थेट बेटाला लावणार, लोक उतरून डबे खाणार, असं कानावर आलं. मी त्याला घरी बोलावलं. चक्रवाक कुरवांसारखे नसतात, बिथरले तर जागाच सोडतात, हे नीट समजावलं. त्याने चहा पिता पिता मान डोलावली.

पाडव्याच्या सकाळी खात्री करायला मी स्वतःच त्या बोटीत बसले. काठ सुटला तशा गाठिया उडायला लागल्या. डोक्यावर कुरवांचा कलकलाट, खाली पोरांचा. त्या गोंधळासकट बोट बेटाकडे वळली. इथेच थांबव, मी म्हटलं.

तो हसून अहिराणीत म्हणाला, "काकू, पाखरेसले खावाडनं पुण्यनं काम शे. तुम्ही इंग्रजी शिकेल शेतस, तुमले ते काय समजस?"

पाखरांना खाऊ घालणं पुण्याचं, ते इंग्रजी शिकलेल्या मला काय कळणार! बोटभर हशा पिकला.

"बेसनाचं तळलेलं खाऊन कोणता पक्षी जगतो ते मला सांग," मी म्हटलं, "आणि बोट मागे घे."

त्याने घेतली नाही. बेटावरचे सगळे चक्रवाक एकदम उठले, एक फेरी मारून वरच्या अंगाला निघून गेले. लोकांनी मोबाईल वर धरले, टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा खेळ त्यांच्यासाठीच होता.

भाऊबीजेला त्याच्या घरून फराळाचं ताट आलं. मी ते तसंच परत पाठवलं. जाऊबाईंना वाईट वाटलं म्हणे. वाटू दे. मी रोज बेटाकडे बघते. तिथे रिकाम्या पुड्या आहेत, सांडलेल्या गाठियांवर कावळे आहेत. काका म्हणतो, पाखरं येतील परत. यंदा तरी बेटावर आली नाहीत.

पलीकडे उसाच्या काठाला पाणी गुडघाभर आहे आणि खाली गाळ. बोटीचा पंखा तिथे रुततो, म्हणून तो तिकडे जात नाही. काल सकाळी त्या उथळ पाण्यात चक्रवाक चरत होते. थोडे आहेत, पण आहेत.