कोरडी काच पुसणारे वायपर

सत्तर-बाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. बँकेने माझी कलकत्त्याला बदली करून दोन वर्षं झाली होती. एका रखरखीत दुपारी माझ्या जुन्या गाडीचे वायपर बंद होईनात. बटण दाबलं, ओढलं, दोन शिव्याही दिल्या. ते आपले कोरडी काच पुसतच राहिले. बालीगंजच्या फुटपाथवर लोक हसायला लागले.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने आधी कशालाच हात लावला नाही. मातीच्या भांड्यातला चहा घेऊन तो काचेसमोर उभा राहिला आणि वायपरबरोबर मान डावीउजवीकडे हलवत राहिला. चहा संपल्यावर आत वाकून त्याने बटणाची वायर उपटली. वायपर तरीही चालूच! तो असा खूश झाला, जणू मुलगा वर्गात पहिला आला.

"सुइच का दोष नहीं, दादा," तो बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाला. "बंद करने से ये रुकता नहीं. पहले घर जाता है, फिर रुकता है. इसको घर नहीं मिलता."

घर म्हणजे काचेच्या तळाशी वायपर निजतात ती जागा. ती ओळखणारी मोटरमधली पट्टी काळवंडली होती. त्याने ती पॉलिश पेपरने घासली, वायर परत जोडली. वायपर एक फेरी मारून शहाण्यासारखे निजले.

घरी बायकोने विचारलं, "काय झालं होतं हो गाडीला?" मी मिस्त्रीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती हसली. मग तिने कोपऱ्यातल्या तसबिरींच्या खोक्याकडे बघितलं; पुढच्या बदलीला बरं म्हणून दोन वर्षांत आम्ही त्याच्या झाकणाचे खिळेसुद्धा काढले नव्हते. म्हणाली, "पकड कुठे ठेवलीय?"