नापसंत गाड्यांचे भटूआप्पा

तळोद्यात जुनी गाडी घ्यायची असली तर माणूस आधी पैसे जमवतो, मग गाडी शोधतो आणि शेवटी भटूआप्पांना नेऊन ती न घेण्याचं ठरवतो. हा शेवटचा टप्पा चुकवायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

भटूआप्पांनी तीस वर्षं डोंगरातल्या पाड्यांवर जीप चालवली आणि तेवढीच वर्षं ती दुरुस्त केली. बहुतेक वेळा ही दोन्ही कामं एकाच दिवशी व्हायची. जीप विकल्यावर लोक त्यांना गाड्या पारखायला नेऊ लागले. आप्पा चहाशिवाय काही घेत नसत, पण मालकाने तोंड धुवायच्या आत दारात जाऊन उभे राहत. बॉनेटवर तळहात ठेवत. बॉनेट कोमट लागलं तर मालकाने पहाटे उठून इंजिन तापवून ठेवलंय, म्हणजे इंजिन थंड असलं की गाडी चालू व्हायला रडते, हे ओळखून तिथूनच परत फिरत. बॉनेट गार असलं तर पुढची पूजा सुरू होई. ऑइलची पट्टी बाहेर काढून, थेंब अंगठ्यावर घेऊन वास घ्यायचा. दाराचं रबर ओढून आतल्या पत्र्यावरचे कंपनीतल्या वेल्डिंगचे गोल डाग मोजायचे. डाग नसले तर गाडी कुठेतरी ठोकून पुन्हा जोडलेली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा; टोकाला मातीची रेघ दिसली तर गाडी पुराच्या पाण्यात बसून आलेली. मग दोन मिनिटं आकाशाकडे बघायचं आणि म्हणायचं, "नको."

गेल्या नोव्हेंबरपर्यंत त्यांनी एकेचाळीस गाड्या पाहिल्या आणि चाळीस नाकारल्या. एकोणीस वर्षांपूर्वी एकच गाडी पसंत केली होती, ती साडूसाठी. ती अकराव्या दिवशी अक्कलकुव्याच्या रस्त्यावर बसली, तीसुद्धा नवरदेव आत असताना. नवरदेव दुधाच्या टेम्पोत, कॅनला धरून उभा राहून, मांडवात पोचला. साडू ही हकीकत आजही प्रत्येक लग्नाच्या पंगतीत, वाढप्याचा हात लाडवांवर असताना, सुरुवातीपासून सांगतो. तेव्हापासून आप्पांना एक गोष्ट पक्की कळली होती. 'घे' म्हटलेली गाडी उद्या रस्त्यात उभी राहू शकते. 'नको' म्हटलेली गाडी कुठे गेली, कशी चालली, हे विचारायला कुणी येत नाही. त्यांची कीर्ती या नकोवर उभी होती आणि दरवर्षी वाढत होती.

अडचण एवढीच झाली की बेचाळिसावी गाडी त्यांच्या लेकीला हवी होती.

ममता खांडबाऱ्याला दिलेली. नवरा भूपेंद्र सुरतेकडे कारखान्यात, रविवारपुरता घरी. ममता चिंचपाड्याला दवाखान्यात नर्स. आतापर्यंत तिची दिवसाची ड्यूटी होती आणि ती रेल्वेने जाऊन-येऊन करत होती. एक डिसेंबरपासून तिला रात्री दहाला सुटणारी पाळी लागणार होती आणि दहानंतर त्या रस्त्यावर तिच्या उपयोगाचं काहीच धावत नव्हतं. गाडी मिळाली तर ती घरी येऊन चार वर्षांच्या लेकीशेजारी झोपणार होती. नाही मिळाली तर दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणार होती आणि लेक आजीकडे, म्हणजे ममताच्या सासूकडे. ती गाडी चालवायला शिकली होती, लायसन काढलं होतं, पैसे साठवले होते. उरले होते फक्त आप्पा.

त्या एकेचाळीसमधल्या शेवटच्या तीन गाड्या आप्पांनी तिच्यासाठीच पाहिल्या होत्या. पहिलीच्या सीटबेल्टवर पुराची रेघ होती. दुसरीचा पुढचा भाग एका गाडीचा आणि मागचा दुसरीचा होता. तिसरीला आप्पांना काहीच सापडलं नाही, तेव्हा ते म्हणाले, "मालक लई हासस. नको."

चौथी गाडी ममताने स्वतः शोधली. खांडबाऱ्याच्या बाजारातले धान्याचे व्यापारी शांतिलाल शेठ यांची. तेरा वर्षांची, लहान इंजिनाची, पांढरी, पाच दारांची साधी गाडी. सत्तावीस नोव्हेंबरला सकाळी बापलेक शेठच्या गोदामाच्या अंगणात उभे राहिले, तेव्हा ममताने आधीच सांगून टाकलं, "आप्पा, आज नको म्हटलं ना, तर मी परवा क्वार्टरमा सामान टाकस. मंग पाचवी-सहावी पाहत बसा."

आप्पा गाडीकडे वळले होते. त्यांचा तळहात बॉनेटवर होता. बॉनेट गार होतं.

शांतिलाल शेठ बाहेर आले ते सेवा-पूजा आटोपून, पांढऱ्या लेंग्यात. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण शेठचा जन्म इथलाच, आणि अहिराणी आप्पांपेक्षा गोड. या माणसाने गाडी कशी ठेवली होती हे सांगायचं तर असं सांगावं लागेल की गाडीने त्यांच्याबरोबर सगळे नियम पाळले होते. शेठ पाणी गाळून पीत, म्हणून गाडीच्या रेडिएटरलाही गाळलेलंच पाणी. शेठ सूर्यास्तानंतर जेवत नसत, आणि दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून गाडीही सूर्यास्तानंतर बाहेर निघत नसे. चातुर्मासात शेठ गावाची हद्द ओलांडत नसत, म्हणून आषाढापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गाडी गोदामाच्या छपराखाली चादर पांघरून बसे. तेरा वर्षांत मीटर एकतीस हजारांवर. अशा मीटरवर आप्पांनी जन्मात विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी खाली वाकून क्लचच्या पेडलवरचं रबर पाहिलं. रबरावरच्या रेघा नव्या वहीसारख्या होत्या.

आप्पा कामाला लागले. ऑइलचा वास चांगला आला. दाराच्या आतले गोल डाग एकूण एक जागेवर. सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. रेडिएटरचं झाकण उघडल्यावर आत इतकं निर्मळ पाणी होतं की आप्पांना त्यात स्वतःची मिशी दिसली. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून गाडी पुढे-मागे घेतली, कटकट नाही. उभं राहून टायरांना तडे गेले होते आणि बॅटरी म्हातारी होती, पण ते तर गाडी न पाहताही सांगता आलं असतं. जसजसं काही सापडेना तसतसा आप्पांचा चेहरा पडत गेला. डॉक्टरला अख्खा माणूस निरोगी सापडला की तो जसा पुन्हा नाडी धरतो, तसे ते तीनदा ऑइलच्या पट्टीकडे परत आले.

शेठच्या पत्नी छोटीबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, "भटूभाऊ, पोरगी पाहायला आलेले लोकसुद्धा एवढं वाकून पाहत नाहीत."

"पोरगीनं काम शे म्हनीसनच पाही ऱ्हायनू, भाभी," आप्पा म्हणाले. आणि ते खरं होतं. आप्पांच्या डोळ्यांसमोर गाडी नव्हतीच. दहानंतरचा रस्ता होता, त्यावर बसलेली एक पांढरी गाडी होती आणि तिच्याशेजारी मोबाइलला रेंज शोधणारी ममता होती. साडूचा नवरदेव दुधाच्या टेम्पोत तरी पोचला होता.

मग त्यांना आठवलं की रात्री लागणारी गोष्ट त्यांनी पाहिलीच नाही. त्यांनी दिवे लावले. उजवा लागला. डावा लागला नाही.

आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तरतरी आली. "शेठ, हाऊ दिवा कधी लायेल व्हता?"

"दिवा?" शेठनी प्रामाणिकपणे विचार केला. "रातले गाडी काढाना सवालच नही. कंपनीमाईन आनी तव्हय लागत व्हता भो."

म्हणजे तेरा वर्षांपूर्वी. आप्पांनी दिव्याची वायर पकडली आणि बोटाने तिचा माग काढत निघाले. एका जागी वायरचं वरचं रबर कुरतडलेलं होतं, तांबं उघडं पडलं होतं. जवळच ज्वारीचा भुसा. भुश्याचा माग एअरफिल्टरच्या डब्यापर्यंत गेला. आप्पांनी डब्याच्या पकडी उघडल्या, झाकण उचललं आणि तसंच अर्धवट धरून उभे राहिले.

फिल्टरच्या घड्यांत गोणपाटाचे धागे, कापूस आणि शेठच्या एका जुन्या पावतीचे तुकडे यांची मऊ गादी होती. गादीवर शेंगदाण्याएवढी सहा गुलाबी पिल्लं एकमेकांत घुसून झोपली होती. त्यांची आई एका क्षणात डब्यातून इंजिनाखाली आणि इंजिनाखालून गोदामात गेली.

"नको," असा शब्द आप्पांच्या जिभेवर येऊन बसला. डावा दिवा बंद, वायर कुरतडलेली, फिल्टरमध्ये उंदीर. याहून पक्का नकार त्यांना चाळीस गाड्यांत मिळाला नव्हता. त्यांनी ममताकडे पाहिलं. ती पिल्लांकडे पाहत नव्हती. आप्पांच्या तोंडाकडे पाहत होती, आणि त्यांच्या आधी तीच बोलली.

"आप्पा, गाडी घेऊ का नको हे मी विचारतच नही. हाई वायर तुम्ही जोडशात तर किती टाइम लागी, तेवढं सांगा."

आप्पांना असा प्रश्न एकोणीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. वायरचा प्रश्न होता आणि वायरबद्दल खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "अर्धा घंटा," ते म्हणाले.

"टायर?"

"चारी बदलना पडतीन. बॅटरी बी. ब्रेकनं रबर मी नवं टाकी दिसू."

"मंग?"

"मंग काय? फिल्टर नवा लागी." आणि त्यांनी सवयीने पिल्लांसकट फिल्टर बाहेर काढायला हात घातला.

शांतिलाल शेठ उभ्या जागेवरून दोन पावलं पुढे आले. आवाज चढला नाही, पण हात आप्पांच्या मनगटावर आला. "भटूभाऊ, डोया उघडेल नही त्यास्ना. गाडी देस मी, आठ दिन नंतर. किंमत पाहिजे तर कमी करा."

"शेठ, इन्ही ड्यूटी एक तारखेले शे."

"मंग मी काय करू? मन्हा अंगणमा सहा जीव मारीसन गाडी इकू?"

प्रसंग अवघड होता. एकीकडे आठ दिवस, दुसरीकडे चार दिवस. फिल्टर काढून गोदामात ठेवू म्हटलं तर शेठ म्हणाले, आईला सापडणार नाही. छोटीबाईंनी दुधाची वाटी सुचवली. शेठनी त्यांना उंदरांच्या वयाबद्दल समज दिली. ममताने घड्याळ पाहिलं, कारण तिला अकराची रेल्वे पकडून कामावर जायचं होतं.

"तू जाय," आप्पा म्हणाले. "माय सोता लई जाई त्यास्ले. झाकण उघडं ठेवनं की तिले समजी, जागा गई. फक्त मानसं दूर पाहिजेत. मी बठस आठे."

"तुम्ही?" ममता म्हणाली.

"मंग काय शेठ बठतीन?"

अशा रीतीने, सात मिनिटांत गाडी निकालात काढणारे भटूआप्पा शांतिलाल शेठच्या अंगणात, पोत्यावर, गाडीपासून दहा पावलांवर, उंदरीण घर बदलेल म्हणून बसून राहिले. बाजारात बातमी फिरायला वेळ लागला नाही. हमाल डोकावून गेले. एकाने विचारलं, "आप्पा, इंजिन आयकी ऱ्हायनात का?" आप्पांनी त्याला बोटाने गप्प केलं. तासाभराने उंदरीण टायरवरून चढली, डब्यात शिरली आणि एक पिल्लू तोंडात धरून खाली उतरली. गोदामाच्या भिंतीच्या बिळात गेली. परत आली. आप्पांनी पायाची घडीसुद्धा बदलली नाही. दोन. तीन. चौथ्या वेळी गल्लीत कुत्रं भुंकलं आणि ती अर्धा तास फिरकली नाही. आप्पांनी खुणेने हमालाला कुत्र्यामागे पाठवलं. शेठ पेढीच्या गादीवरून दर थोड्या वेळाने बोटं वर करून आकडा विचारत आणि आप्पा बोटांनीच उत्तर देत.

सहावं पिल्लू गेल्यावर ती आणखी एकदा आली. रिकाम्या गादीवर सगळीकडे हुंगून पाहिलं आणि निघून गेली. आप्पांनी रिकामा डबा लांबूनच एकदा पाहून घेतला. मग उठले, गुडघे चोळले आणि पिशवीतून पक्कड काढली.

संध्याकाळी ममता कामावरून परतली तेव्हा डावा दिवा लागत होता. तिने शेठला इसार दिला. छोटीबाईंनी गाडीला कुंकू लावलं आणि शेठनी एवढंच सांगितलं की पावसाळ्यात हळू चालव, रस्त्यावर बेडूक असतात. तीस तारखेला टायर-बॅटरी बसवून ती गाडी घेऊन निघाली, तेव्हा आप्पा डाव्या सीटवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच. चिंचपाड्यापर्यंत त्यांचा उजवा पाय, जिथे ब्रेक नव्हता तिथे, मॅट दाबत होता.

"पसंत शे ना आप्पा?" दवाखान्याच्या फाटकापाशी तिने विचारलं.

"दुसऱ्या गिअरले जरा लवकर टाकस तू," आप्पा म्हणाले.

तळोद्यात साडूने विचारलंच, तेही एका पंगतीत. "भटू, पोरनी गाडी घिदी म्हनतस. तू पसंत करी?"

"मी नही पाही," आप्पा म्हणाले. "मी उंदीर पाहाले जायेल व्हतू."

हे खोटं नव्हतं, म्हणून साडूने विषय सोडला आणि लाडू घेतला. आप्पांची नकोची कीर्ती अजून शाबूत आहे. परवाच त्यांनी प्रकाशा गावच्या एका माणसाची गाडी सात मिनिटांत नाकारली. फक्त ममता रात्री घरी पोचली की रोज तिचा एक मिस कॉल येतो, तो येईपर्यंत ते चष्मा काढत नाहीत. आणि कुठलीही गाडी पाहताना, नको म्हणायच्या आधी, एअरफिल्टरचं झाकण हळूच उचलून पाहतात.