बांधावरची ओंजळ

येडशीच्या जंगलाला लागूनच एका शेतकऱ्याचं शेत आहे; मी त्यांना काका म्हणते. मेलेल्या पाखरांच्या शरीरात शेतातलं कोणतं विष गेलंय हे शोधायचं माझं काम, त्यामुळे आमची भेट वरचेवर होते. मला लोकांशी फारसं बोलता येत नाही. त्यांना ते चालतं. बोलता बोलता ते हात वर करून मधेच थांबतात, तित्तराची साद ऐकतात आणि मग आपलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

"मेल्यावर विचारता व्हय पाखराला, काय खाल्लं म्हणून?" असं ते मला चिडवायचे.

ज्वारीच्या पेरणीनंतर तेच एक पिशवी घेऊन आले. आत तित्तराची जोडी होती, मेलेली. पेरणीआधी बियाण्याची पहिली ओंजळ पाखरांसाठी बांधावर टाकायची, ही त्यांच्या घरची रीत. यंदाचं बियाणं दुकानातूनच औषध लावून आलं होतं, गुलाबी रंगाचं. त्यांनी ओंजळ त्यातलीच टाकली होती.

"माझ्यामुळं मेली का, एवढंच सांगा. लपवू नका."

तपासणीचा अहवाल आल्यावर मी शेतावर गेले. "हो काका. तेच औषध सापडलं."

ते ढेकूळ फोडत बसून राहिले. "आज्यापासनं टाकतोय ओ आमी," एवढंच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दुसरी जोडी येती का ओ इथं?"

"येते," मी म्हणाले. माझ्याकडे त्याला काहीच पुरावा नव्हता. यावी असं फार वाटत होतं.