सातवी ‘ब’ आणि माझा शेवटचा पाठ

आमच्या कॉलेजात तळमजल्यावर माध्यमवाले, मधल्या मजल्यावर आम्ही बी.ए. बी.एड.वाले आणि सगळ्यात वर संगीतवाले अशी मांडणी होती. जिना चढताना आधी कुणीतरी कॅमेरा रोखून “दोन मिनिटं बोलाल का? कशावरही चालेल,” असं विचारायचं. वर्गात टेकावं तर डोक्यावर तबल्याचा एकच कायदा सकाळपासून घासला जात असायचा. आमच्या हातात कॅमेरा नव्हता, वाद्य नव्हतं. आमच्या हातात पुठ्ठे असत. मी वारज्याहून बसने अख्खं शहर ओलांडून हडपसरच्याही पुढे जायची, आणि पुठ्ठ्याची सूर्यमाला घेऊन चढणाऱ्या मुलीला पुण्याच्या बसमध्ये जागा मिळत नाही, सल्ला मिळतो. “तुमचा गुरू वाकलाय,” असं एका आजोबांनी मला खिडकीतून नजर न काढता सांगितलं होतं.

पुठ्ठे लागायचे ते सराव पाठांसाठी. शिक्षक व्हायचं तर जवळच्या शाळेत जाऊन खरीखुरी मुलं शिकवून दाखवावी लागत, आणि मागच्या बाकावर कॉलेजच्या मॅडम वही घेऊन बसत. पाठाचं टाचण आधी लिहून द्यायचं. त्यात कुठल्या मिनिटाला कुठला प्रश्न, त्याचं अपेक्षित उत्तर काय, शाबासकी कधी, हे सगळं ठरलेलं. सगळ्यात नाजूक भाग प्रस्तावनेचा. पाठाचं नाव आपण सांगायचंच नाही. असे प्रश्न विचारायचे की मुलांनी आपणहून ते ओळखलं पाहिजे. मग आपण आश्चर्यचकित व्हायचं आणि फळ्यावर नाव लिहायचं.

माझी अडचण आश्चर्याची नव्हती, आवाजाची होती. घरी मी भांडण जिंकू शकत होते, पण वर्गात उभी राहिले की आवाज घशातच कुठेतरी बसून राहायचा. पहिल्या पाठाला तिसऱ्या बाकापलीकडे माझं काही पोहोचलं नाही. दुसऱ्या पाठाला मी सगळं टाचण फळ्याला सांगितलं. पाठ संपल्यावर मॅडमनी चष्मा पुसला. “आपण पोस्टात अर्ज करून पाहा. तिथे काचेमागे बसता येतं.” मग अगदी शांतपणे म्हणाल्या, “वार्षिक परीक्षेच्या पाठाला बाहेरचे परीक्षक येतील. तेव्हाही असंच झालं, तर हे क्षेत्र सोडा असं मी स्वतः तुम्हाला सांगेन. मुलांची वर्षं फुकट घालवण्यापेक्षा ते बरं.”

मी त्या दिवशी बसमध्ये रडले. पोस्टाचं काही वाटलं नव्हतं, पण मॅडम टोमणा मारतात तेव्हा बऱ्या असतात आणि साधं बोलतात तेव्हा खरं बोलतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मला शिक्षकच व्हायचं होतं. दुसरं काही जमत नाही म्हणून आलेल्यांतली मी नव्हते. बारावीला बरे मार्क असताना घरच्यांशी वाद घालून मी इथे आले होते, त्यामुळे परत जायला तोंडही नव्हतं.

परीक्षेच्या पाठासाठी माझ्या वाट्याला आलेला वर्ग म्हणजे सातवी ‘ब’.

या वर्गाबद्दल सांगायलाच हवं. कॉलेजपासून जवळ असल्याने दर हिवाळ्यात आमच्यासारख्यांची फौज याच शाळेत उतरायची, आणि ही मुलं पाचवीपासून सराव पाठ खात आली होती. त्यांच्या वर्गशिक्षिकेला ती ‘बाई’ म्हणत आणि आम्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘मॅडम’. बाई म्हणजे कायमच्या. मॅडम म्हणजे महिनाभराच्या, घाबरलेल्या, पुठ्ठेवाल्या. आमचा अभ्यासक्रम त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होता. माझ्या एका मैत्रिणीचा पाठ चालू असताना मागून कुणीतरी हळूच म्हणालं होतं, “मॅडम, गृहपाठ राहिला.”

वर्गाचा कारभार पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीकडे होता. वडील कारखान्यात, घर गोंधळेनगरच्या बाजूला, बोलणं थेट. मी पाठाच्या आधी ओळख करून घ्यायला गेले, तर तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पाठ कुठला हाय तुमचा?”

“चंद्राच्या कला.”

तिने मागे वळून जाहीर केलं, “पुन्हा चंद्र.” वर्ग कण्हला. माझ्या आधी आमच्यातल्या तिघींनी त्यांना चंद्र शिकवला होता. मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी कामाच्या सुरात विचारलं, “प्रस्तावनेत लगेच ओळखू, का थोडं चुकू?”

मला काही कळेना.

“लगेच ओळखलं की परीक्षकांना वाटतं शिकवून ठेवलंय,” तिने समजावलं. “म्हणून आधी एक जण ‘सूर्य’ म्हणतो, मग एक जण ‘चांदण्या’, आन् मग आम्ही ‘चंद्र’ म्हणतो. तेव्हा तुम्ही खूश व्हायचं. मागच्या मॅडम आधीच खूश झाल्या होत्या.”

“आणि मी कळलं का विचारलं की?”

“सगळे हो म्हणतो. ते कायमच असतं.”

तिसऱ्या बाकावरचा एक जण म्हणाला की आवाज बसत असेल तर मॅडमनी ओठ हलवले तरी चालेल, उत्तरं येत राहतील. माझी कीर्ती माझ्या आधी पोहोचली होती. राग यायला हवा होता, पण मला हायसं वाटलं.

मोबदला त्यांनी शेवटी सांगितला. त्यांचा क्रिकेटचा टेनिस बॉल खिडकीच्या काचेवर बसल्यामुळे बाईंच्या कपाटात जप्त होता. बाई वर्ष संपेपर्यंत देणार नव्हत्या. मी तो सोडवून आणायचा. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी बाईंकडे गेले आणि मुलांच्या वतीने रदबदली केली. बाईंनी बॉल माझ्या हातात ठेवला आणि एवढंच विचारलं, “कशाच्या बदल्यात?” मी हसले. त्याही हसल्या. त्याही कधीतरी मॅडम असणारच.

इथे मी जरा चलाखी केली. बॉल मुलांना देण्याऐवजी पर्समध्ये टाकला आणि दोन वेण्यांना सांगितलं, “पाठ झाल्यावर.” तिच्या कपाळावर आठी पडली. “ठरलं तसं नव्हतं,” ती म्हणाली. तेवढ्यात मागच्या बाकावर कॉलेजच्या मॅडम आणि परीक्षक येऊन बसले, त्यामुळे वाटाघाटी थांबल्या.

परीक्षक म्हणजे निवृत्त गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर असा भाव की चंद्र त्यांनीही पुरेसा पाहिला आहे. मी सुरुवात केली. रात्री आकाशात काय दिसतं? एकाने ‘विमान’ म्हटलं, जे ठरलं नव्हतं, पण झाकलं गेलं. मग ‘सूर्य’, मग ‘चांदण्या’, मग चंद्र. मी योग्य वेळी खूश झाले. आवाज बारीक होता, पण मुलं इतकी खणखणीत उत्तरं देत होती की तो खपून गेला. पुठ्ठ्याच्या चार्टवर मधोमध पृथ्वी, भोवती चंद्राची वर्तुळं, एका कडेला चमकीच्या कागदाचा सूर्य. अमावास्या, अष्टमी, पौर्णिमा. सगळं टाचणाप्रमाणे. मॅडमनी पहिल्यांदाच मान हलवली.

“कळलं का?” मी विचारलं.

“हो,” वर्ग गरजला.

आणि दोन वेण्या उभ्या राहिल्या.

“बाई, नाही कळलं.”

ती मला ‘बाई’ म्हणाली, हे तेव्हा लक्षातही आलं नाही. बॉलचा सूड, मला वाटलं. अख्ख्या वर्गालाही तसंच वाटलं असावं, कारण तिची शेजारीण तिचा फ्रॉक ओढून खाली बसवायला लागली होती. परीक्षकांनी एक पेन काढलं.

“काय नाही कळलं?” मी विचारलं. टाचणात हा प्रश्न नव्हता.

ती चार्टजवळ आली आणि बोट ठेवून म्हणाली, “पौर्णिमेला हितं पृथ्वी मधी हाय. एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र. मग पृथ्वीची सावली त्या दिवशी पडायला पाहिजे ना? त्याच दिवशी चंद्र पूर्ण कसा काय दिसतो?” मग जरा खालच्या आवाजात, “मागच्या मॅडमला पण विचारणार होते. पण त्यांची बी परीक्षा होती.”

तिच्या चेहऱ्यावर सूड नव्हता. तिला खरंच पडलेला प्रश्न होता आणि तो तिने चार चंद्र होईपर्यंत पोटात ठेवला होता, आमचे मार्क जाऊ नयेत म्हणून. माझ्याकडे पुस्तकातलं वाक्य होतं, ते मी मनात म्हणून पाहिलं, आणि त्याने तिचं समाधान होणार नाही हे मलाच कळलं. खरं सांगायचं तर त्या चार्टने माझंही कधी झालं नव्हतं.

मी पर्स उघडली आणि बॉल काढला. वर्गाने श्वास रोखला.

“दिवे बंद करा. त्या बाजूच्या खिडक्या लावा. एवढी एकच राहू द्या.” सकाळची शाळा होती, उरलेल्या खिडकीतून ऊन आडवं आत येत होतं. मी तिला खिडकीकडे तोंड करून उभं केलं, बॉल हातात दिला. “हात लांब कर. बॉल डोक्यापेक्षा जरा वर धर. तू पृथ्वी. हा चंद्र. काय दिसतं?”

“काळा दिसतोय. उजेड पलीकडून हाय.”

“अमावास्या. आता हळूहळू डावीकडे वळ. बॉलकडेच बघ.”

ती वळली. बॉलच्या उजव्या कडेला उजेडाची बारीक कोर आली. ती थांबली, परत मागे गेली, कोर गेली. पुन्हा पुढे, कोर आली. “अर्धा झाला,” ती म्हणाली. खिडकीकडे पाठ झाली तेव्हा अख्खा बॉल उजळून निघाला. मग मी तिचा हात थोडा खाली केला, आणि तिच्याच डोक्याची सावली बॉलवर पडली.

“हे ग्रहण,” मी म्हणाले. “चंद्र सावलीत आला तरच. एरवी तो जरा वरून किंवा जरा खालून निघून जातो.”

तिने हात वर केला, खाली केला, वर केला. मग म्हणाली, “मग चार्टवर सगळं एका रेषेत का काढलंय?”

“पुठ्ठा सपाट आहे म्हणून.”

त्यानंतर वर्ग माझ्या हातात राहिला नाही. प्रत्येकाला पृथ्वी व्हायचं होतं. रांग लागली, रांगेत भांडणं झाली, आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडले की ढकलाढकली केली तर सूर्य बंद करीन. आवाज कुठून आला मला ठाऊक नाही. मूल्यमापन राहिलं, गृहपाठ राहिला, घंटा झाली. मुलं बॉल घेऊन पळाली. त्यांच्या लेखी ठरलेला व्यवहार पूर्ण झाला होता, चुकूनही का होईना.

परीक्षक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “टाचण आपणच लिहिलंय का?”

“हो, सर.”

“छान अक्षर आहे. वर्गात त्यातलं फारसं काही दिसलं नाही.” मग जाता जाता खिडकीपाशी थांबले, मूठ वळून डोक्याच्या वर धरली आणि हळूच डावीकडे वळले. आपल्याला कुणी पाहत नाही अशी त्यांची समजूत असावी.

मार्क कापले गेले, ते व्हायचंच होतं. वेळेचं नियोजन नाही, मूल्यमापन नाही, वर्गनियंत्रण शंकास्पद. कशीबशी पास झाले. मॅडमनी निकाल माझ्या हातात देताना चष्मा काढला नाही. “पोस्टातल्या जागा भरल्या म्हणे,” त्या म्हणाल्या. “आता आपल्याला इथेच राहावं लागेल.” मी जिना उतरले तर खाली माध्यमवाल्यांचा कॅमेरा. “दोन मिनिटं बोलाल का?” त्या दिवशी मी दहा मिनिटं बोलले. शेवटी त्यांनीच थांबा म्हटलं.

आता मी हडपसरच्याच एका शाळेत बाई आहे. हिवाळा आला की पुठ्ठे घेतलेल्या मॅडम येतात आणि मी मागच्या बाकावर जागा करून देते. परवा एक जण पाठाच्या आधी चंद्राचा पुठ्ठा घेऊन दारात उभी होती, ओठ हलत होते, टाचण पाठ करत असावी. माझ्या वर्गातला एक मुलगा टेबलाशी येऊन कुजबुजला, “बाई, आज लगेच ओळखायचं, का थोडं चुकायचं?” हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. दर वर्गाला आपोआप येतं.

“काय वाटेल ते करा,” मी म्हणाले. “फक्त कळलं नाही, तर कळलं नाही म्हणा.”

त्याने दाराकडे पाहिलं. त्या मुलीची त्याला दया आली असावी. “पण मग मॅडमचे मार्क जातील ना, बाई?”

“जातील,” मी म्हणाले. “माझेही गेले होते.” आणि ड्रॉवर उघडून, मुलांकडून जप्त केलेला बॉल दारातल्या मुलीला दिसेल असा टेबलावर ठेवला.